घाटाखालच्या तळावरची दोन कुत्री

फार पूर्वी, समुद्राकडून देशावर जाणाऱ्या एका वाटेवर मोठा अवघड घाट होता. तो एका दमात चढणं बैलांना जमत नसे, म्हणून पायथ्याशी, नदीच्या काठावर, गाड्यांसाठी एक तळ राखलेला होता. करंजाची जुनी झाडं, मधोमध पायऱ्यांची विहीर आणि भोवती गाड्या सोडायला मोकळी जागा. मीठ नेणारे, मडकी नेणारे, टोपल्या विणणारे, मेंढ्या घेऊन फिरणारे असे सगळे तिथे दोन-दोन दिवस थांबत आणि पुढे जात.

तळाला एक कारभारी होता. म्हातारा आणि कमी बोलणारा. नवी गाडी आली की तो स्वतः चालत जाऊन तळाचे नियम सांगे. बरेचसे नियम चुलींचे आणि पाण्याचे होते. कुत्र्यांचे नियम तो शेवटी सांगे. तळावर कुत्रा दोरीला असला पाहिजे. विहिरीच्या पायऱ्यांवर त्याला जाऊ द्यायचं नाही. त्याची घाण मालकाने फावड्याने उचलून खड्ड्यात टाकायची. गाडी सोडून कुठे जायचं असेल तर कुत्रा बांधून, कुणाला तरी सांगून जायचं.

एवढं सांगून झालं की कारभारी जरा थांबे आणि मग म्हणे, "आणि कुत्र्याने दुसऱ्याच्या जनावराचा जीव घेतला, तर तो कुत्रा तळावर जिवंत राहत नाही. तेवढी वेळ माझ्यावर आणू नका."

एका वर्षी, पावसाळा सरता सरता, तुळाजी नावाचा मिठाचा व्यापारी तीन गाड्या घेऊन तळावर उतरला. बरोबर त्याची बायको चिमा होती, दोन गाडीवान होते आणि सरदार होता. सरदार म्हणजे तुळाजीचा कुत्रा. तांबूस रंगाचा, उंच, रुंद छातीचा. तुळाजीला मूलबाळ नव्हतं. डोळे न उघडलेलं पिल्लू होतं तेव्हापासून त्याने सरदारला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. स्वतःच्या ताटातली भाकरी आधी त्याला आणि मग आपल्याला, अशी त्याची रीत होती.

कारभाऱ्याने नियम सांगितले. तुळाजी हसला. "कारभारी, दोरी लागते ती वाईट कुत्र्याला. माझा सरदार कुणाला काही करत नाही."

"सगळे असंच म्हणतात, शेठ," कारभारी म्हणाला. "तरी बांधा."

तुळाजीने कारभाऱ्यासमोर सरदारच्या गळ्यात दोरी अडकवली. कारभारी वळून गेला तशी ती सोडली.

पहिल्याच दिवशी सरदारने एका कुंभाराच्या बायकोच्या परातीतलं पीठ चाटलं. तिने परात आपटली आणि पुन्हा पीठ मळायला बसली. संध्याकाळी तो विहिरीच्या पायऱ्यांवर घाण करून आला. पाणी आणायला गेलेल्या एका बाईचा पाय त्यात पडला आणि ती चार पायऱ्या घसरली. तिचं मडकं फुटलं, कोपर सोललं. तुळाजीने तिला नवं मडकं घेऊन दिलं. पण घाण उचलायला तो गेला नाही. ती शेवटी कारभाऱ्याने उचलली.

तुळाजीच्या शेजारी येसू नावाच्या एका विधवा बाईची गाढवगाडी होती. ती बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणून गावोगाव विकायची. तिच्याजवळ कोळशी नावाची एक काळी कुत्री होती, हडकुळी, एका कानाने तुटकी. येसू तिला गाडीच्या चाकाला बांधून ठेवायची. पण सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आधी येसू तिला दोरी धरून नदीकाठी लांब फिरवून आणी. जाताना खांद्यावर लहानसं फावडं असे. बाकीचा वेळ कोळशी तिच्या पायाशी पडून बांबूच्या कामट्या निघताना बघत राही.

सरदार दिवसातून दहा वेळा कोळशीजवळ यायचा, तिच्या भांड्यातलं खायचा. येसू त्याला हाकलत नसे. पण दुसऱ्या दिवशी ती तुळाजीला म्हणाली, "दादा, रागावू नका. तुमचा कुत्रा गुणी आहे, हे मला कळतं. पण बांधून ठेवा त्याला."

"गुणी आहे म्हणता आणि बांधा म्हणता?"

"तो गुणी आहे हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. समोरून येणाऱ्या लेकराला ते कुठून ठाऊक असणार? बैलाला, मेंढीला कुठून ठाऊक?"

"बाई, तुमची कुत्री बिचारी दिवसभर चाकाला बांधलेली. मला नाही बघवत. माझ्या जिवाला मी असं कधी ठेवणार नाही," तुळाजी म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती. येसू कामट्या तासू लागली.

त्याच दिवशी घाटात दरड कोसळली. वाट बंद झाली. दोन दिवस थांबणारे लोक अडकून पडले, आणि मागून येणाऱ्या गाड्यांची त्यात भर पडत गेली. तळ भरून गेला. गाडीला गाडी टेकली, चुलीला चूल.

तशात म्हाकू नावाचा मेंढपाळ आपला कळप घेऊन आला. बरोबर बायको होती आणि बाणू नावाची चार वर्षांची मुलगी. कळपातल्या बऱ्याच मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या. पायांवर धड उभी न राहणारी कोकरं होती. तळाच्या टोकाला म्हाकूने काठ्या रोवल्या, दोरीची जाळी ओढून वाडा केला आणि कळप आत घेतला. मग तो एकेका गाडीपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "मेंढ्या ओल्या बाळंतिणी आहेत. जराशा आवाजाने बुजतात. वाट मोकळी होईपर्यंत कुत्री तेवढी बांधून ठेवा, एवढी मेहरबानी करा."

सगळे हो म्हणाले. तुळाजीही म्हणाला, "हो, हो. काळजी करू नकोस." आणि ते म्हणताना त्याच्या मनात खोट नव्हती. दुपारी खरंच त्याने सरदारला बांधलं. सरदारला दोरीची सवय नव्हती. तो कण्हू लागला, चाकाभोवती गोल फिरून स्वतःला गुंडाळून घेऊ लागला. तुळाजीने तासभर ते ऐकलं आणि दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभाऱ्याने ठरवलं की सगळ्या पुरुषांनी घाटात जाऊन दरड उपसायची. पहारी, फावडी, घमेली गोळा झाली. म्हाकूही निघाला. येसू नदीपलीकडे बांबू तोडायला जाणार होती. तिने कोळशीपुढे पाणी ठेवलं, दोरी चाकाला बांधली आणि कुंभाराच्या बायकोला सांगितलं, "जरा लक्ष असू द्या."

तुळाजी निघताना चिमा म्हणाली, "अहो, मी धुणं घेऊन नदीवर चालले आहे. सरदारला बांधून जा."

"तो गाडीखाली झोपलाय. कशाला उगाच बांधायचा?"

"कालच त्या मेंढपाळाला हो म्हणालात ना?"

"अगं, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे," तुळाजी म्हणाला आणि गेला.

ऊन चढलं. तळावर थोड्या बायका आणि लहान मुलं तेवढी उरली होती. म्हाकूच्या बायकोने बाणूला कडेवर घेतलं आणि मेंढ्यांसाठी पाणी आणायला ती विहिरीवर गेली. गाडीखाली सरदार जागा झाला. वाड्यात कोकरं ओरडत होती. तो उठला आणि आवाजाच्या दिशेने चालत गेला.

त्याला खेळायचं होतं, दुसरं काही नव्हतं. जाळीला नाक लावून तो भुंकला, मागे सरला, पुन्हा भुंकला. मेंढ्या एकदम उधळल्या. सगळा कळप पलीकडच्या बाजूला रेटला गेला, काठ्या उपटल्या, जाळी खाली आली. कोकरं मोठ्या मेंढ्यांच्या पायांखाली गेली. सरदार आत शिरला. समोर धावणारं जनावर पाहिलं की कुत्र्याच्या अंगात जे येतं ते त्याच्या अंगात आलं. त्याने एका कोकराचं मानगूट धरलं. मग दुसऱ्याचं.

मेंढ्यांचा तो ओरडा ऐकून कोळशी चाकापाशी उड्या मारू लागली. दोरी जुनी झाली होती. तिसऱ्या हिसक्याला ती तुटली. कोळशी धावत वाड्यात गेली. ती सरदारवर भुंकली. सरदार दमला होता, तो तिच्याशी भांडला नाही, वळला आणि गाडीकडे निघाला. कोळशी तिथेच थांबली. एक कोकरू अजून हलत होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि त्याचं रक्ताळलेलं अंग चाटू लागली.

हे बघायला तिथे कोणी नव्हतं. कुंभाराची बायको ओरडा ऐकून आधी विहिरीकडे पळाली, म्हाकूच्या बायकोला बोलवायला.

नेमक्या त्याच वेळी तुळाजी परत आला. दरडीत त्याची पहार वाकली होती आणि गाडीत दुसरी होती. गाडीपाशी सरदार शेपूट हलवत त्याच्याकडे आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. छातीवरच्या केसांना लोकरीचा पुंजका चिकटला होता.

तुळाजीने मान वर करून वाड्याकडे पाहिलं. पडलेली जाळी दिसली, आणि मेंढ्यांत बसलेली कोळशी. विहिरीकडून बायकांचे आवाज येत होते.

विचार करायला त्याच्याकडे फार वेळ नव्हता. त्याने हाक मारली असती, "माझ्या कुत्र्याने केलं," एवढे तीन शब्द म्हटले असते, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. दुःखाने संपली असती, पण संपली असती. त्याने सरदारचं तोंड पाहिलं. हे तोंड त्याने बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. कारभाऱ्याचा शेवटचा नियम त्याला आठवला.

त्याने गाडीतली घागर उचलली आणि सरदारच्या तोंडावर ओतली. हाताने घासलं. छातीवरची लोकर ओढून काढली आणि मिठाच्या पोत्यांमागे टाकली. मग दोरी घेतली आणि सरदारला चाकाला घट्ट, दोन गाठी मारून बांधलं.

थोड्या वेळात सगळा तळ वाड्याभोवती जमला. घाटातले पुरुष आले. म्हाकू धावत आला आणि जाळीपाशी पोचल्यावर त्याचे पाय थांबले. नऊ कोकरं मेली होती, दोन मेंढ्या. आणि त्यांच्यामध्ये कोळशी बसली होती. गळ्यात तुटकी दोरी होती, तोंडाला रक्त होतं.

कारभाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो तळभर फिरला. एकूण एक कुत्रा बांधलेला होता. तुळाजीच्या गाडीपाशी येऊन तो थांबला.

"शेठ, सगळ्यांच्या आधी तुम्ही आलात. तुमचा कुत्रा बांधलेला होता?"

"होता," तुळाजी म्हणाला.

"आणि ही काळी?"

तुळाजीने नदीकडे पाहिलं. "मी आलो तेव्हा ती मेंढ्यांत होती."

हे वाक्य खरं होतं. तुळाजीने ते पुढे कित्येक वर्षं मनाशी घोळवलं, आणि त्याच्या खरेपणाने त्याला कधीही बरं वाटलं नाही.

येसू बांबूची मोळी डोक्यावर घेऊन आली. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने मोळी खाली टाकली, कोळशीजवळ बसली आणि तिच्या गळ्यातलं दोरीचं तुटकं टोक हातात घेऊन पाहिलं.

"कोळशी असं करणार नाही," ती म्हणाली. "ती कोकरांना चाटते. तिने आयुष्यात उंदीर मारला नाही."

तिने आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तुळाजीच्याही. तुळाजी जागचा हलला नाही.

"पण दोरी तुटली," येसू हळूच म्हणाली. "जुनी झाली होती. मी बघायला हवी होती. चूक माझी आहे. नवी दोरी घ्यायला मला कितीसा वेळ लागला असता?" मग ती म्हाकूकडे वळली. "भाऊ, तुझं नुकसान झालं. माझ्याच्याने काय होईल ते मी करीन."

म्हाकूने मान हलवली. तो रडत होता. त्याच्याकडेही पूर्वी दोन कुत्री होती, आणि काय करायचं आहे ते त्याला कळत होतं. नियमाप्रमाणे ते काम मालकाचं. येसूने काठी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"तू धर तिला," म्हाकू म्हणाला. "मी करतो. एकाच घावात करतो."

ते नदीकाठी गेले. येसूने कोळशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यांवर पदर टाकला. कोळशी हलली नाही.

तळावर त्या संध्याकाळी चुली उशिराच पेटल्या. येसूने नदीकाठच्या मऊ जमिनीत खड्डा खणला, त्याच लहान फावड्याने. चिमा मदतीला जाणार होती, पण उठता उठता तिचा हात सरदारच्या छातीला लागला.

"हा ओलसर कसा?" ती म्हणाली.

"ऊन फार होतं. पाणी घातलं."

चिमाने चाकाकडे पाहिलं. दोरीला दोन गाठी होत्या. तिच्या नवऱ्याने कधी कुठल्या जनावराला दोन गाठी मारल्या नव्हत्या. तिला सगळं कळलं. ती खाली बसली, तोंडाला पदर लावला आणि गप्प राहिली. ती बोलली असती, तर कोळशी काही परत आली नसती. चिमाने स्वतःची अशी समजूत घातली. माणसाला अशा वेळी समजूत लवकर सापडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू गाढवगाडी जोडून खालच्या वाटेने निघून गेली. जाताना तिने विणलेली सगळी सुपं म्हाकूच्या बायकोपुढे ठेवली होती. म्हाकूच्या बायकोने ती घेतली नाहीत, पण येसू मागे वळून पाहायला थांबली नाही.

सरदार दोन दिवस बांधलेला राहिला. तो कण्हत राहिला आणि तुळाजीला ते आता निराळ्याच कारणाने ऐकवेना. लोक येता-जाता म्हणत, "शेठ, शहाणे झालात, कुत्रा बांधलात." तुळाजी मान खाली घाली. त्याला वाटे, एकदाचा घाट चढून पलीकडे गेलो की हे सगळं मागे राहील.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाट मोकळा झाल्याची हाळी आली. तळावर एकच घाई उडाली. बैल जुंपले जाऊ लागले, सामान चढू लागलं. तुळाजीने पोती चढवण्यासाठी गाडी मागे घ्यायला सांगितली. चाकाला बांधलेला सरदार मध्ये येत होता. तुळाजीने गाठी सोडल्या आणि दोरी गाडीत टाकली. एवढ्यातच तर निघायचं होतं.

सरदार सरळ वाड्याकडे गेला. तीन दिवसांपूर्वी त्याला काय मिळालं होतं ते तो विसरला नव्हता.

म्हाकू जाळी सोडत होता. बाणू थोडी दूर एका दगडावर बसली होती. तिच्या मांडीवर कोकरू होतं, तेच, कोळशी चाटत होती ते. जखमी झालेल्यांतलं ते एकच वाचलं होतं. सरदार कोकरावर आला. दुसरं कुठलं मूल कोकरू टाकून पळालं असतं. बाणूने ते छातीशी घट्ट धरलं आणि कुत्र्याकडे पाठ केली. सरदारने कोकरू ओढायला तोंड घातलं. त्याच्या दातांत आलं ते बाणूचं मनगट.

ती किंकाळी ऐकून अख्खा तळ धावला. तुळाजी सगळ्यांच्या पुढे होता. त्याने सरदारचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि त्याला मागे खेचलं. म्हाकूच्या बायकोने मुलीला उचललं. तळावर एक जडीबुटी जाणणारा म्हातारा होता. त्याने हात बांधला, रक्त थांबवलं. पण त्याने म्हाकूकडे पाहून मान हलवली. जीव वाचेल, असं तो म्हणाला. हाताचं काही सांगता येणार नाही.

तुळाजी सरदारला धरून उभा होता. भोवती माणसं होती.

म्हाकू त्याच्यासमोर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "शेठ," तो म्हणाला, "त्या दिवशी तुझा कुत्रा बांधलेला होता?"

तुळाजीने खाली सरदारकडे पाहिलं.

"नव्हता," मागून चिमा म्हणाली. "नव्हता बांधलेला. अहो, सांगा ना. आता तरी सांगा."

"नव्हता," तुळाजी म्हणाला. "मी आलो तेव्हा त्याच्या तोंडाला रक्त होतं. मी ते धुतलं. मग बांधला."

कुंभाराची बायको मोठ्याने रडू लागली. "ती बाई माझ्या भरवशावर कुत्री ठेवून गेली होती हो," ती म्हणत होती. म्हाकू स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत उभा राहिला. कोळशीवर काठी उचलली होती ती त्याच हातांनी. तुळाजीच्या खोटेपणाने आणखी एका माणसाच्या पदरात पाप टाकलं होतं, आणि ते तुळाजीला आत्ता कळत होतं.

कुणी तुळाजीला मारलं नाही. कारभारी काठी घेऊन आला आणि ती त्याने तुळाजीपुढे धरली.

तुळाजी म्हाकूकडे बघून म्हणाला, "तू... तू एकाच घावात..."

"नाही," म्हाकू म्हणाला. "त्या बाईसाठी केलं. तुझ्यासाठी नाही करणार."

तुळाजी काठी घेऊन नदीकडे निघाला. सरदारला ओढावं लागलं नाही. आपला धनी फिरायला निघाला आहे, एवढंच त्याला कळलं. तो मागून शेपूट हलवत गेला, मध्येच पुढे पळाला, वाट बघत थांबला, पुन्हा आला. नदीकाठी पोचल्यावर तुळाजी खाली बसला तेव्हा सरदारने त्याचं तोंड चाटलं.

तुळाजीचा हात एका घावात काम करणारा नव्हता. त्याला तीन घाव लागले. तिसऱ्या घावापर्यंत सरदार त्याच्याकडेच बघत होता, काय चुकलं ते विचारावं तसा.

गाड्या घाट चढून गेल्या. तुळाजीने आपल्या गाड्या गाडीवानांबरोबर पुढे पाठवल्या. तो आणि चिमा खालच्या वाटेने येसूला शोधत निघाले. सात-आठ गावं विचारत विचारत गेल्यावर एका बाजाराच्या गावी, वेशीबाहेर तिची गाढवगाडी दिसली. येसू जमिनीवर बसून टोपली विणत होती. तिच्या पायाशी कोणी नव्हतं.

तुळाजीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सरदारचं तोंड कसं धुतलं, कारभाऱ्याला काय सांगितलं, पुढे बाणूचं काय झालं, नदीकाठी काय झालं. सांगताना त्याने काही लपवलं नाही. चिमानेही सांगितलं, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, बाई. मी गप्प बसले."

येसूचे हात चालत होते, ते थांबले. तिने विचारलं, "मुलीचा हात कसा आहे?"

"जिवाला धोका नाही. पण आम्ही निघालो तेव्हा बोटं हलत नव्हती. मूठ वळत नव्हती."

"आणि ते कोकरू?"

"वाचलं."

येसूने टोपली बाजूला ठेवली. तुळाजी तिच्यासमोर मातीत बसला. "बाई, मला शिव्या द्या. मारा. काही तरी बोला. हे मला सहन होत नाही."

येसूने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही सांगायला आलात, बरं केलंत. त्या मेंढपाळालाही कळलं, बरं झालं. पण माझी कोळशी त्या दिवशी नदीकाठी हलली नाही. पळून गेली असती, तिच्यात तेवढी ताकद होती. हलली नाही, कारण मी धरलं होतं. मी धरलंय म्हणजे काही वाईट होणार नाही, असं तिला वाटलं. तिला मी काय सांगू?"

येसूने अर्धी विणलेली टोपली पुन्हा मांडीवर घेतली. ऊन कलेपर्यंत तो तिथेच मातीत बसून राहिला. मग चिमाने त्याला हाताला धरून उठवलं आणि ती दोघं आल्या वाटेने परत गेली.

तात्पर्य: आपल्या जनावरावर माया असेल तर त्याला आवर घालणं आणि त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला स्वतः पुढे होऊन उत्तर देणं, हे मालकाचं काम आहे. मालकाने ते टाळलं की त्याची शिक्षा आधी निरपराधाला होते आणि शेवटी त्याच्याच लाडक्या जनावराला.